व्यसनाधीनता आणि नैतिक जबाबदारी

मद्याच्या आहारी गेलेला माणूस आपल्या कृत्यांना कितपत जबाबदार असतो, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही, जणू कोणी बळजबरी करावी तसा, मनुष्य पापाकडे का ओढला जातो. ॲरिस्टॉटलही ‘अक्रेसिया’ची, म्हणजे हित कळत असूनही त्याविरुद्ध वागण्याच्या दुर्बलतेची, सविस्तर चर्चा करतो. त्याच्या मते हातातून सुटलेला दगड परत घेता येत नसला, तरी तो फेकणे किंवा न फेकणे फेकणाऱ्याच्याच हाती असते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चे शीर्षकही सगळा भार पहिल्या प्याल्यावरच टाकते.

भारतीय चित्रपटाने मात्र हा प्रश्न पुष्कळदा टाळला आहे. १९२८ च्या मूकपटापासून पडद्यावर पुनःपुन्हा अवतरलेला देवदास विरहाने पितो, आणि त्याच्या पिण्याची झळ सोसणारी बायकोमुले कथेत नसल्यामुळे त्याचे व्यसन प्रेमाच्या प्रायश्चित्तासारखे भासते.

याउलट ब्लेक एडवर्ड्स दिग्दर्शित ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ (१९६२) या अमेरिकन चित्रपटात व्यसन संसारातच वाढते. जनसंपर्काच्या व्यवसायातील जो हा मद्याची आवड नसलेल्या कर्स्टनला तिच्या आवडीच्या चॉकलेटची चव असलेले पेय देऊन पिण्याची गोडी लावतो, तिच्याशी लग्न करतो, आणि दोघेही व्यसनात बुडतात. सासऱ्याच्या रोपवाटिकेत लपवलेली बाटली सापडेना म्हणून तो तिथल्या कुंड्या उद्ध्वस्त करतो, हा प्रसंग एकाच्या तलफेपायी दुसऱ्याच्या श्रमाची कशी धूळधाण होते हे दाखवतो. पुढे जो सावरतो, कर्स्टन सावरत नाही. इथे ॲरिस्टॉटलचा युक्तिवाद अपुरा ठरतो, कारण कर्स्टनचा पहिला प्याला तिने स्वीकारला असला, तरी तो पुढे करणारा हात भावी नवऱ्याचा होता.

मग तिने दारू सोडली तरच एकत्र राहू, अशी अट घालण्याचा अधिकार जोला उरतो काय? जो ज्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या १९३५ साली सुरू झालेल्या परस्परसाहाय्याच्या चळवळीत सावरतो, तिच्या विचारातून उत्तराची दिशा मिळते: या चळवळीच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली मद्यापुढील हतबलतेची कबुली मागते, तर पुढच्या काही पायऱ्या आत्मपरीक्षण आणि दुखावलेल्यांची भरपाई मागतात. म्हणजे हतबलता आणि जबाबदारी परस्परविरोधी नाहीत. गतकाळाचा दोष वाटून घेता येतो, सावरण्याचे कर्तव्य मात्र ज्याचे त्यालाच पार पाडावे लागते.

या दांपत्याला डेबी नावाची लहान मुलगी आहे, आणि जोच्या अटीचे समर्थन तिच्यामुळेच होते. ‘एकच प्याला’तील सिंधू नवऱ्याचा अपराध अखेरपर्यंत पोटात घालते, आणि त्या क्षमेची किंमत तिचे मूलही मोजते. करुणा व्यसनी माणसाला नाकारता कामा नये. परंतु जी करुणा मुलाचे संरक्षण करू शकत नाही, तिला धर्म म्हणता येत नाही.