गोष्टीतला शब्द, गोष्टीबाहेरचा माणूस

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. त्यांच्या हातात बहुधा नॉर्मन लुईस यांचं १९४९ सालचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ असतं, नाहीतर कुणीतरी काढलेली शब्दांची यादी. यादी पाठ होते आणि आठवड्यात विसरली जाते. म्हणून मी त्यांना एक जुनी युक्ती सांगतो: दहा अवघड शब्द घ्या आणि ते सगळे येतील अशी एक गोष्ट स्वतः रचा. ही युक्ती लागू पडते. प्रश्न वेगळाच आहे. अशा गोष्टीतून जो शब्द येतो, तो आपला झाला असं कधी म्हणायचं? आणि तो माणसांवर वापरायचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो?

युक्ती लागू पडते याला आधार आहे. गॉर्डन बॉवर आणि मायकेल क्लार्क यांनी १९६९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या होत्या. एका गटाने प्रत्येक यादीची गोष्ट रचली, दुसऱ्याने तेवढाच वेळ घेऊन शब्द नुसते पाठ केले. प्रत्येक यादीनंतर लगेच विचारलं तेव्हा दोन्ही गट सारखेच होते. शेवटी सगळ्या याद्या एकदम विचारल्या, तेव्हा गोष्टवाल्यांना सुमारे ९३ टक्के शब्द आठवले आणि पाठ करणाऱ्यांना सुमारे १३ टक्के. एवढी तफावत मानसशास्त्रात क्वचित दिसते.

पण त्या याद्यांमधले शब्द साधी नामं होती, सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेली. त्यांचा अर्थ कुणाला शिकायचा नव्हता, फक्त क्रम लक्षात ठेवायचा होता. लक्षात राहणं आणि कळणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपण त्या सर्रास एकत्र करतो.

‘एग्रीजियस’ हा शब्द घ्या. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ कळपातून वेगळा उठून दिसणारा. एके काळी इंग्रजीत तो स्तुतीसाठीही वापरत. आज तो वाईटासाठीच येतो: उघडउघड चूक, डोळ्यांत खुपणारा अन्याय. यादीत मात्र समोर ‘ठळक’ एवढंच लिहिलेलं असतं. मग एखादी मुलगी गोष्ट रचते की गावातल्या एका पोराने दहावीला ‘एग्रीजियस’ यश मिळवलं. गोष्ट छान असते. पोराची आई पेढे वाटते, शाळेत सत्कार होतो आणि शब्द मनात घट्ट रुततो, उलट्या अर्थाने. गोष्टीतलं कुणीही उठून म्हणत नाही की बाई, हा शब्द इथे चालत नाही. कारण गोष्टीतली सगळी माणसं तिचीच आहेत, आणि ती तिचं ऐकतात.

हा पेच आपल्याकडे फार जुना आहे. शब्दाचा अर्थ मुलाला कसा कळतो, यावर मीमांसकांनी मोठा खल केला. प्रभाकराच्या परंपरेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. एक वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, ‘गाय आण.’ दुसरा गाय आणतो. मूल बघत असतं. मग ‘गाय बांध’, ‘घोडा आण’. वाक्यातला एक शब्द बदलतो, होणारी कृतीही बदलते, आणि मूल त्यातून ‘गाय’ कोणती आणि ‘आण’ म्हणजे काय, हे वेगळं काढतं. म्हणून प्रभाकर म्हणतो की शब्द कळतो तो वाक्यातच, दुसऱ्या शब्दांशी जोडलेला. कुमारिलाचं मत वेगळं होतं: शब्द आधी आपापला अर्थ सांगतात, जोडणी नंतर होते. यादी पाठ करणारा विद्यार्थी नकळत कुमारिलाच्या बाजूचा असतो आणि गोष्ट रचणारा प्रभाकराच्या.

मात्र प्रभाकराच्या उदाहरणात दोन गोष्टी आहेत, ज्या वहीतल्या गोष्टीत नाहीत. तिथे खरी गाय आहे. आणि तिथे दुसरा माणूस आहे, जो ऐकतो आणि हलतो. चुकीचा शब्द वापरला, तर गायीऐवजी घोडा येईल. वहीतल्या गोष्टीत मी जे मागेन ते येतं. तिथे चूक होणंच शक्य नाही, म्हणून तिथे बरोबर असण्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

आयरिस मर्डॉक यांनी ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ या १९७० सालच्या पुस्तकात भाषा शिकण्याला नैतिक शिस्तीचं उदाहरण मानलं आहे. रशियन शिकताना माझ्यासमोर असं काही असतं, जे माझ्या इच्छेवर अवलंबून नाही आणि ज्याचा मान मला राखावा लागतो, असा त्यांचा मुद्दा. हे पटतं. आणि त्यामुळेच रचलेल्या गोष्टीविषयी मन साशंक होतं, कारण तिथे माझ्या इच्छेला अडवणारं काहीच नसतं.

मग ही युक्ती सोडून द्यावी का? मला तसं वाटत नाही, आणि कारण आमच्याच वर्गात घडलेलं आहे.

यादीत ‘पार्सिमोनियस’ होता. एका मुलाने किराणा दुकानदाराची गोष्ट लिहिली. दुकानदार पुड्यांचे दोरे सोडवून गुंडाळून ठेवतो, जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहितो, दिवसा दिवा लावू देत नाही. वर्गात वाचून दाखवल्यावर सगळे हसले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘हा पार्सिमोनियस नाही, फ्रूगल आहे.’ मुलगा म्हणाला, ‘कशावरून? दोघेही पैसे वाचवतात.’ ती म्हणाली, ‘कुणासाठी वाचवतो, ते तू सांगितलंच नाहीस.’

यादीत दोन्ही शब्दांसमोर जवळजवळ तेच लिहिलेलं होतं. पण आपल्याकडेही काटकसरी, हिशेबी, चिक्कू आणि कवडीचुंबक ही एकाच माणसाची चार नावं असू शकतात. कोणतं वापरायचं, हे त्याच्या गुंडाळलेल्या दोऱ्यांवरून ठरत नाही. तो दोरा कुणाच्या फीसाठी वाचला, पाहुणा आल्यावर त्याने चहाला दूध घातलं की नाही, यावरून ठरतं. म्हणजे शब्द निवडणं हा निवाडा असतो, आणि निवाडा करायचा तर माणसाची चौकशी करावी लागते. यादी ही चौकशी करायला लावत नाही. गोष्ट लावते, पण ऐकणारं कुणी असेल तरच. त्या मुलीने प्रभाकराच्या उदाहरणातल्या दुसऱ्या माणसाची जागा घेतली. तिने ‘गाय’ ऐकून विचारलं, कोणती?

मुलाने गोष्ट बदलली. दुकानदाराला एक मुलगी दिली, तिचं नर्सिंगचं शिक्षण दिलं, आणि शब्दही बदलला. ‘पार्सिमोनियस’ त्या दिवशी वापरलाच गेला नाही. यादीच्या हिशेबात एक शब्द कमी भरला. माझ्या मते त्याला त्या दिवशी तो शब्द आला, कारण तो कुणाला लावायचा नाही, हे त्याला कळलं.

रचलेली गोष्ट चारचौघांत गेली, की तिचा शब्दही होतो. होरेस वॉलपोलने १७५४ साली एका पत्रात ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द घडवला, तो सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. आपला काकतालीय न्याय म्हणजे तर दोन शब्दांत मिटलेली गोष्टच: कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. या गोष्टी अनेकांच्या तोंडून फिरल्या, म्हणून त्यातून निघालेला शब्द टिकला. वहीत बंद राहिलेली गोष्ट परीक्षेपर्यंत पुरते.

इंग्रजीचे अवघड शब्द आमची मुलं हौसेने शिकत नाहीत. ते आले तर नोकरी, नाहीतर घरी परत, असा सरळ सौदा आहे. त्यांना मी नैतिकतेचे धडे द्यावेत, ही अपेक्षाही नाही. तरी या मुलांपैकी काही जण उद्या टेबलापलीकडे बसतील आणि समोरच्या माणसाच्या अर्जावर एका शब्दाचा शेरा लिहितील: पात्र, संशयास्पद, निराधार. तो माणूस त्यांनी रचलेला नसेल, तो त्यांचं ऐकणार नाही, आणि चुकीचा शब्द लागला तर त्याचं घर बसेल. म्हणून मी आता गोष्ट लिहायला सांगताना एकच अट घालतो: ती मोठ्याने वाचायची, आणि ऐकणाऱ्याने गोष्टीतल्या माणसाची बाजू घ्यायची.