मुलांच्या हातातील बंदुकीचा खेळ



मोबाइलवरील ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा गोळीबाराचा खेळ आपल्या मुलांनी खेळावा काय? ‘पबजी मोबाइल’वर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, पुढल्या वर्षी तोच खेळ या नावाने परतला. रक्त लाल न दाखविता हिरवे दाखविले. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती व दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. एवढ्याने आपले समाधान व्हावे काय?

खेळाची रीत पाहा. शंभर जण एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, आणि अखेर जो उरतो तो जिंकतो. म्हणजे सोबती सोडले तर भेटेल तो मनुष्य आपल्या वाटेतली अडचण! रक्ताचा रंग बदलून हे बदलत नाही.

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५:२१-२२) प्रभूने खुनाविषयीच्या आज्ञेचे मूळ अंतःकरणातील रागात व भावाला दिलेल्या अपशब्दांत दाखविले. हा खेळ खेळणारे मूल खुनी होते, असे मुळीच नाही. तसे सांगून भिवविणे खोटेपणाचे होईल, आणि मुले ते लगेच ओळखतात. पण खेळताना त्याच्या तोंडून काय निघते, हरल्यावर ते आईशी कसे बोलते, इअरफोनमधून अनोळखी माणसे त्याला काय ऐकवितात, हे आपण पाहिले पाहिजे.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा खेळ योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोळा-सतराच्या मुलाला मात्र नुसते ‘बंद कर’ म्हणून भागत नाही. त्याच्याजवळ बसून एक पूर्ण डाव पाहावा, मग मत्तयाच्या त्या ओव्या त्यालाच वाचावयास सांगाव्या, आणि त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.