पंचनाम्यापूर्वीची झाडलोट

घरांत काचेचें भांडें फुटलें म्हणजे आपला पहिला हात केरसुणीकडे जातो. मुलांच्या पायांत काच जाईल ही भीति रास्त असते, आणि तीपुढें भांडें कसें फुटलें हा प्रश्न मागें पडतो. तो कोणीं विचारलाच, तर जें मूल जवळ उभें असेल त्याच्या पाठींत धपाटा बसतो आणि चौकशी संपते. गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु मोठमोठ्या संस्थांतून चौकशी म्हणून जें होतें तें पुष्कळदां याहून फारसें निराळें नसतें, हें मीं स्वतः अनुभविलें आहे. नव्हे, धपाटा मारणारांपैकीं मी एक होतों.

हकीकत २०१८ सालची. मी ज्या महाविद्यालयांत शिकवितों तेथील अंतर्गत गुणांची नोंद ठेवणारा सर्व्हर एका संध्याकाळीं बंद पडला. परीक्षेचे दिवस, खिडकीसमोर विद्यार्थ्यांची रांग. ज्या तरुणाच्या हवालीं तें यंत्र होतें त्यानें कळ दाबून तें पुन्हां सुरू केलें, आणि दहा मिनिटांत रांग पुढें सरकूं लागली. सर्वांनीं त्याचें कौतुक केलें, मींही केलें. दुसऱ्या दिवशीं असें आढळलें कीं, आदल्या संध्याकाळीं भरलेले ४० विद्यार्थ्यांचे गुण यंत्रांत नाहींत. ज्या कारकुनानें ते भरले तो शपथेवर सांगे कीं, प्रत्येक नोंदीनंतर 'जतन झाले' हीं अक्षरें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं. तिघांची समिति नेमण्यांत आली. तींत मी होतों. यंत्र तर आमच्यासमोर उत्तम चालत होतें. मग राहिला कोण? आम्हीं हलगर्जीपणाचा ठपका ठेवला, सेवापुस्तकांत शेरा गेला, एक वेतनवाढ थांबली. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे.

'यंत्र तर उत्तम चालत होतें' हें वाक्य तेव्हां मला निर्णायक वाटलें होतें. पुढील वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी, जो पुण्यास याच व्यवसायांत आहे, दिवाळीसाठीं पुंडलिकनगरांत आपल्या घरीं आला असतां सहज मला भेटावयास आला. मीं त्याला ही कथा सांगितली. त्यानें एवढेंच विचारलें, "सर, त्या वेळचा डंप कुठें आहे?" मला प्रश्नच समजला नाहीं. त्याच्याकडून जें मीं शिकलों व मागाहून वाचून पडताळून पाहिलें, तें थोडक्यांत वाचकांपुढें ठेवितों.

लिनक्स ही कार्यप्रणाली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिली. तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात (पलटणींतील कर्नलाशीं याचें नातें नाहीं, जरी हुकूम दोघांचाही चालतो). यंत्रांतील स्मृति, तबकड्या, तारा, सर्व कांहीं या गाभ्याच्या ताब्यांत असतें. त्यालाच भ्रम झाला म्हणजे तो थांबतो. यास इंग्रजींत घबराटीचाच शब्द आहे. पडण्याच्या क्षणीं कोण काय करीत होतें, कोण कशासाठीं खोळंबलें होतें, हें सारें स्मृतींत जसेंच्या तसें असतें. पण ही स्मृति विजेवर जगणारी. यंत्र नव्यानें सुरू केलें कीं ती जागा सारवून निघते. आमच्या तरुणानें दहा मिनिटांत जें केलें तें पंचनाम्यापूर्वी झाडलोट करणें होतें, आणि आम्ही तिघे त्या स्वच्छ अंगणांत बसून गुन्हेगार शोधीत होतों.

या अडचणीवर एरिक बीडरमन यांनीं रचलेली केएक्झेक नांवाची युक्ति व तिच्यावर उभारलेली केडंपची योजना, या दोन्ही २००५ च्या ऑगस्टांत निघालेल्या लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तींत आल्या. त्याच वर्षीं ओटावा येथील परिषदेंत केडंपवरील निबंध सादर झाला. त्याचे लेखक विवेक गोयल, बीडरमन व हरिप्रसाद नेल्लितीर्थ. पहिल्या युक्तीचा हेतु केवळ वेग हा होता. मोठें यंत्र सुरू होतांना आपली स्मृति, आपलीं उपकरणें एकेक तपाशीत बसतें, व त्यांत कित्येक मिनिटें जातात. केएक्झेक हा सारा विधि टाळून चालत्या गाभ्यातूनच दुसऱ्या गाभ्यावर उडी मारतें. या घाईचीही किंमत असतेच. उपकरणें पूर्वीच्याच अवस्थेंत राहतात, व एखादें नव्या धन्यास ओळखीत नाहीं.

केडंपची गंमत अशी कीं, घाईसाठीं निघालेली ही उडी तिनें साक्षीच्या कामीं लावली. यंत्र निरोगी असतां, सुरू होण्याच्या वेळींच, त्याच्या स्मृतीचा एक तुकडा बाजूला राखून ठेवावा लागतो. 'क्रॅशकर्नल' या शब्दापुढें किती राखावयाची तें लिहितात. २५६ मेगाबाईट हा आंकडा पुष्कळदां दिसतो. ६४ गिगाबाईटच्या यंत्रांत हा २५६ वा हिस्सा झाला. त्या जागेंत एक दुसरा, लहानसा गाभा झोपवून ठेवितात. रोजच्या कामास ती जागा निरुपयोगी. तिच्यावर कोणाचा हक्क नाहीं. मुख्य गाभा पडला म्हणजे हा उठतो, उरलेल्या स्मृतीला हात न लावतां तिची नक्कल तबकडीवर अथवा दुसऱ्या यंत्रावर पाठवितो, आणि मगच यंत्र पुन्हां सुरू करवितो. रांग थोडा वेळ अधिक थांबते, इतकेंच.

यांत मला दोन गोष्टी विचार करण्यासारख्या वाटल्या. यापूर्वीच्या कित्येक योजनांत पडणारा गाभाच स्वतःची जबानी लिहून ठेवी. परंतु ज्याचें डोकें ठिकाणावर नाहीं त्याच्या हातीं लेखणी देणें धोक्याचें. तो लिहितांना चांगल्या नोंदीही बिघडवूं शकतो. म्हणून साक्षीदार निराळा हवा, आणि तो संकटापूर्वी नेमलेला हवा. दुसरी गोष्ट किंमतीची. पडल्यानंतर कितीही पश्चात्ताप झाला तरी तो तुकडा राखतां येत नाहीं. सत्यासाठीं द्यावयाचें मोल बरें चाललेलें असतां, कांहीं गरज दिसत नसतां, द्यावें लागतें. आणि आपल्याकडील कोणत्याही अंदाजपत्रकांत प्रथम कात्री लागते ती नेमकी अशाच रकमेस.

येथें कोणी म्हणेल कीं, खोळंबलेल्या माणसांची सोय हें पहिलें कर्तव्य, शोध मागाहून. हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला तेव्हां ढिगाऱ्याखालच्या माणसांना बाहेर काढण्याआधीं भिंतींचें मोजमाप घ्या, असें कोणी म्हणाला असता तर तो माणूस नव्हे. तरी पण मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व त्यांवरील मातीचीं जड धाबीं यांनींच इतके बळी घेतले, हें पडलेल्या घरांकडे पाहूनच समजलें. सोय आणि शोध यांत विरोध असतोच असें नाहीं. दोहोंची तयारी आधीं केलेली नसली म्हणजे मात्र तो हटकून उभा राहतो.

लॉकनें १६९४ सालीं, आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत, व्यक्तीची एकता तिच्या स्मरणांत ठेविली, व 'व्यक्ति' हा शब्दच मुळीं न्यायालयाचा आहे असें मत दिलें. वर्गांत हें मी कित्येक वर्षें शिकविलें. पण स्मरण पुसून उठलेल्याला जाब विचारतां येत नाहीं, मग तो जाब शेजारीं उभ्या असलेल्या स्मरण असणाऱ्या माणसाकडे वळतो, ही त्याची दुसरी बाजू मला त्या कारकुनाच्या प्रकरणापर्यंत दिसली नव्हती.

एक शंका राहते. यंत्राच्या स्मृतींत शेंकडों लोकांच्या खाजगी गोष्टी असतात. त्यांचे परवलीचे शब्दही. पूर्ण नक्कल म्हणजे साऱ्या गांवाचीं कपाटें उघडणें. यासाठीं नकलेंतून लोकांचीं पानें गाळून गाभ्याचींच ठेवणारें साधन आहे, आणि तें वापरावें. तरी गाभ्याच्या पानांतही दुसऱ्याचें कांहीं राहतेंच. पंचांनीं घरांत काय पाहिलें तें चव्हाट्यावर सांगूं नये, हा जुना शिष्टाचार येथेंही लागू आहे.

विद्यार्थ्यानें सुटी संपण्यापूर्वी आमच्या यंत्रावर ही व्यवस्था केली. मग एका रविवारीं त्यानें तें यंत्र मुद्दाम पाडलें. तशी आज्ञाच असते, व ती दिल्याखेरीज व्यवस्थेवर विश्वास ठेवूं नये असें त्याचें म्हणणें. प्राचार्यांस हें सांगतांना मला बराच घाम फुटला. चार महिन्यांनीं यंत्र आपण होऊन पडलें, आणि या वेळीं नक्कल दुसऱ्या यंत्रावर गेली. ती त्यानें पुण्याहून वाचली. तबकडी चालविणाऱ्या भागांतील चुकीमुळें लिहिण्याच्या विनंत्या अडकून पडल्या होत्या. वरच्या वर मात्र 'जतन झाले' असा संदेश जात होता.

मी तो कागद घेऊन त्या गृहस्थांकडे गेलों. ते आमच्याच नगरांत, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आतां निवृत्त आहेत. त्यांनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला व विचारलें, "सर, हें त्या दिवसाचें आहे का?" मला नाहीं म्हणावें लागलें. हा दुसऱ्या पडझडीचा पंचनामा. पहिलीची स्मृति कायमची गेली, आणि तिच्याबरोबर त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावाही, जर तो असेल तर. मीं शेरा रद्द करण्याविषयीं कार्यालयाकडे लेखी अर्ज केला, व समितीचा सभासद या नात्यानें माझी चूक त्यांत कबूल केली. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें: २०१८ च्या घटनेसंबंधींचा तांत्रिक पुरावा अर्जासोबत जोडावा.