विस्मरणाचा चहा

‘गॉब्लिन’ ही कोरियन मालिका पाहिलेली माणसं बोलायला बसली की नायक-नायिका बाजूला राहतात आणि दुसऱ्याच जोडीवरून वाद सुरू होतो. यमदूत आणि सनी. सनीनं त्याला सोडून जायला नको होतं, असं माझी भाची ठामपणे म्हणते. त्यानं केलं ते मागच्या जन्मी केलं, त्याला त्यातलं काही आठवतसुद्धा नव्हतं, मग या जन्मी त्या बिचाऱ्याला कशाची शिक्षा? तिच्या मैत्रिणींतल्या दोघी-तिघी तिच्यावर तुटून पडतात. ज्यानं आपल्याला मारण्याचा हुकूम दिला त्याच्याशी संसार कसा करायचा, असं त्या विचारतात.

मी नागपुरात पाली शिकवते. भाचीच्या आग्रहानं सोळाही भाग पाहिले आणि हा वाद माझ्या डोक्यातून जाईना. ज्याला स्वतःचा गुन्हा आठवत नाही त्याला शिक्षा व्हावी का, हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी येतो. मिलिंद राजानं भिक्खू नागसेनाला तो दोन हजार वर्षांपूर्वी विचारलेला आहे. प्रेमकथा म्हणून केलेल्या मालिकेनं तो इतक्या तरुण मुलामुलींच्या तोंडी आणला, याचं मला फार मोल वाटतं.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. गोर्यो काळातला सेनापती किम शिन लढाया जिंकत जातो, प्रजा त्याचा जयजयकार करते, आणि कानभरणी करणाऱ्या दरबाऱ्याच्या नादी लागून तरुण राजा वांग यो त्याला देशद्रोही ठरवतो. किम शिनची बहीण हीच राजाची राणी. राजाच्या हुकुमानं तीही मारली जाते. सेनापती छातीत तलवार घेऊन मरतो, पण देव त्याला उठवतो आणि अमर करतो. हे वरदान आहे आणि शिक्षाही आहे. त्यानं रणांगणात जे जीव घेतले त्याबद्दल त्याला आपल्या माणसांचे मृत्यू एकामागून एक पाहायचे आहेत, आणि विसरायचं काहीच नाही. नऊशेहून अधिक वर्षं तो असा जगतो. राजाला पुढं पश्चात्ताप होतो. वाटीत विष आहे हे ठाऊक असूनही तो ती पितो. त्याच्या वाट्याला येते ती नेमकी उलट शिक्षा. तो यमदूत होतो आणि त्याला काहीच आठवत नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. आजच्या सोलमध्ये हे दोघं एका घरात राहू लागतात. एकाला सगळं आठवतं, दुसऱ्याला काहीच नाही. आणि कोंबडीचं हॉटेल चालवणारी सनी ही त्या राणीचा पुनर्जन्म. यमदूत तिच्या प्रेमात पडतो.

लेखिका किम उन-सूक यांनी याच्या मध्यावर एक खोली ठेवली आहे. माणूस मेला की यमदूत त्याला तिथं बसवतो आणि चहा देतो. तो प्याला की संपलेल्या जन्मातलं सगळं पुसलं जातं. हा चहा म्हणजे देवाची दया आहे, असं यमदूत समजावतो. मालिकेतल्या कितीतरी गुंत्यांपेक्षा या साध्या प्रसंगांनीच प्रेक्षकांना जास्त रडवलं असं मला जाणवलं. माझ्या बहिणीला कोरियन मालिकांचं काही वेड नाही. ती सहज येऊन बसली होती. पण एक म्हातारा तो कप हातात घेतो आणि ती म्हणाली, “नको ना पिऊ रे बाबा.” कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार न घेता तिला कळलं होतं की आठवण गेली तर तो म्हातारा गेला. पुढं कोणीतरी जन्मेल, पण तो हा नसेल.

भारतात ही मालिका लोकांना जवळची का वाटते, याचं उत्तर सगळे पटकन देतात: आपल्याकडं पुनर्जन्म आहेच की. मला ते अपुरं वाटतं. आपल्या पडद्यावरचा पुनर्जन्म वेगळा आहे. १९५८चा ‘मधुमती’ घ्या, १९९५चा ‘करण अर्जुन’ घ्या. तिथं दुसऱ्या जन्मात आठवण परत येतेच. आठवण येते म्हणून ओळख पटते, हिशेब चुकता होतो आणि प्रेक्षक शांत मनानं घरी जातो. ‘गॉब्लिन’मध्ये बहुतेकांना काही आठवत नाही. हिशेब मात्र चालू राहतो. म्हणून तिथं प्रश्न उरतो, आणि आपल्या सिनेमात तो उरत नाही.

या हिशेबाचा एक प्रसंग प्रेक्षकांना फार आवडला. एक बेरोजगार तरुण मुलाखती देऊन थकलेला आहे. किम शिन त्याला ओळखतो, कारण तो पूर्वजन्मी त्याचा निष्ठावान सैनिक होता. तरुणाला नोकरी मिळते, घर मिळतं, गाडी मिळते. मलाच का, असं तो विचारतो, तेव्हा त्याला सांगितलं जातं की तुम्ही मागच्या जन्मी देश वाचवलात. कुणाचं नशीब उघडलं की कोरियात असंच म्हणतात, त्यामुळं तिथल्या प्रेक्षकांना तो प्रसंग अगदी घरचा वाटला असणार. पण मालिका कधी चालू होती ते पाहा. २ डिसेंबर २०१६ ते २१ जानेवारी २०१७, दर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री. त्याच शनिवारी सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात लाखो लोक मेणबत्त्या घेऊन उभे होते. ९ डिसेंबरच्या शुक्रवारी संसदेनं अध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्यावर महाभियोग मंजूर केला आणि त्याच रात्री मालिकेचा तिसरा भाग लागला. त्या संतापाचं एक मोठं कारण काय होतं? अध्यक्षांच्या मैत्रिणीच्या मुलीला इह्वा विद्यापीठात वशिल्यानं मिळालेला प्रवेश. सोन्याचा चमचा घेऊन जन्मलेली मुलं आणि मातीचा चमचा घेऊन जन्मलेली मुलं, अशी तिथल्या तरुणांची भाषा झाली होती. रस्त्यावर ही पिढी म्हणत होती की जन्मावरून कुणाला काही मिळता कामा नये. आणि घरी येऊन तीच पिढी मागच्या जन्माच्या पुण्याईवर नोकरी मिळालेल्या मुलाला पाहून डोळे पुसत होती.

मला त्यात विसंगती दिसत नाही. कष्टाचं फळ कुठंतरी नोंदलं जातं, कधीतरी मिळतं, एवढा दिलासा थकलेल्या माणसाला हवाच असतो. पण त्या दिलाशाची दुसरी बाजू आमच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. माझ्या वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घेतली. त्याआधी त्यांच्या आजीला आयुष्यभर ऐकवलं गेलं होतं की तुझं हे जिणं तुझ्याच मागच्या जन्मीच्या पापाचं आहे. त्या बाईला तिचं पाप कुणी दाखवू शकलं नाही. आठवत नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा तिनं शेणाच्या पाट्या वाहत भोगली. सैनिकाला घर मिळालं, कारण त्यानं देश वाचवला. मग ज्याला घर मिळालं नाही त्यानं काय केलं होतं? हा प्रश्न त्या गोड प्रसंगाच्या पोटात आहे, आणि तो विचारल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी बौद्धांपुढचे चार प्रश्न मांडले आहेत. त्यातला एक हाच: आत्मा नाही म्हणता, तर मग कर्म आणि पुनर्जन्म कुणाचा? त्यांचं उत्तर स्पष्ट आहे. शरीर ज्या द्रव्यांचं बनलं ती द्रव्यं निसर्गात परत मिसळतात, नवं घडतं, पण कुणी आत्मा गाठोडं घेऊन एका देहातून दुसऱ्या देहात जात नाही. आणि गरिबाचं दारिद्र्य त्याच्या पूर्वजन्माच्या खात्यावर टाकलं की समाजाची आणि राज्यसंस्थेची जबाबदारी संपते, हा धोका त्यांनी ओळखला होता. हे पुस्तक १९५७मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालं.

आता सनीकडं येते. ती वेगळी आहे, कारण तिला आठवतं. आधीच्या जन्मातलं प्रेमही आठवतं आणि बाणही. यमदूतालाही पुढं सगळं कळतं. तो तिच्यासमोर उभा राहतो तो गुन्हा मान्य करूनच. तेव्हा ती ठरवते की या जन्मी त्याच्याबरोबर राहायचं नाही. तिच्या हातात देता येईल अशी तेवढीच शिक्षा आहे. तिचं प्रेम संपलेलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. यू इन-ना या अभिनेत्रीनं ते फार संयमानं केलं आहे. भाची इथं रडली आणि चिडलीही. “मावशी, प्रेम आहे तर माफ का नाही करत ती?”

मी तिला नागसेनाचा आंबेचोर सांगितला. एक माणूस दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरतो. पकडल्यावर म्हणतो, मालकानं कोय लावली होती, मी फळं नेली, ती आणि ही एक नव्हेत. तरी तो दोषीच, असं राजा मिलिंदही मान्य करतो, कारण ही फळं त्या कोयीतूनच आली. जन्माचंही तसंच, असं नागसेन म्हणतो. पुढचा माणूस अगदी तोच नसतो आणि अगदी निराळाही नसतो. वर्गात आम्ही सगळे आंब्याकडं बघतो. सनीमुळं माझं लक्ष पहिल्यांदा मालकाकडं गेलं. त्या दृष्टान्तात चोराला राजापुढं ओढून आणणारा एक मालक आहे. त्याला आपण लावलेलं झाड आठवतं. तो नसता तर खटलाच उभा राहिला नसता. सनी ही त्या गोष्टीतली मालक आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो आठवत असेल आणि ज्यानं केला त्याला तो मान्य असेल, तरच शिक्षेला आणि क्षमेला अर्थ येतो. माझ्या पणजीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. फिर्यादी नव्हता, आठवण नव्हती, होती ती फक्त शिक्षा.

शेवटच्या भागावर प्रेक्षकांची सगळ्यात मोठी तक्रार नायिका उन-ताकच्या मृत्यूबद्दल असते. किम शिनशी आत्ताच लग्न झालं होतं, मग तिला मारलं कशाला? उतारावरून ब्रेक निकामी झालेला ट्रक सुटतो, खाली बालवाडीची मुलं बसलेली बस उभी असते, आणि ती आपली गाडी मध्ये घालते. यमदूतांकडं रोज मरणाऱ्यांची नावं येतात, त्यात तिचं नाव नसतं. माणूस दुसऱ्यासाठी जीव देईल, हे देवालाही आधी मोजता येत नाही. मला ही मालिकेतली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. सगळं आधीच लिहिलेलं आहे असं पंधरा भाग सांगितल्यावर लेखिका एका मुलीला त्या लिखाणाच्या बाहेर काढते. कोरियात १६ एप्रिल २०१४ला सेवोल जहाज बुडालं, ३०४ माणसं गेली, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलं होती. मालिका संपली तेव्हा तो देश पावणेतीन वर्षांपूर्वीच्या त्या दुःखातून उठलेलाही नव्हता. मुलांनी भरलेल्या वाहनाकडं कुणीतरी धावलं, हे तिथल्या आईबापांनी कसं पाहिलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि मग त्या खोलीत उन-ताक चहा नाकारते. तिला आठवणीसकट परत यायचं आहे.

यमदूत आणि सनी मात्र पुढच्या जन्मी पोलीस तपासनीस आणि अभिनेत्री होऊन भेटतात. दोघांनाही काही आठवत नाही. तिथं बहुतेक प्रेक्षक सुखावतात, भाचीही. मला ते सुख पुरत नाही. नऊशे वर्षांपूर्वी जिचा जीव घेतला गेला तिची बाजू मांडायला आता ती स्वतःसुद्धा नाही. त्या काळातलं आठवणारा एकटा किम शिन उरला आहे, आणि त्याच्याही छातीत तलवार त्याच राजाच्या हुकुमानं गेली होती. भाची म्हणते, “म्हणजे तुला त्यांनी सुखी व्हायलाच नको आहे.” हवं आहे. त्यांनी सुखी व्हावं. पण त्याला न्याय म्हणू नये. सनीनं न्याय केला तो आधीच्या जन्मात, सगळं आठवत असताना, स्वतःलाही त्याची किंमत मोजून.

येत्या सत्रात आंबेचोराचा उतारा येईल तेव्हा मुलांना हे सगळं सांगून विचारणार आहे, मालक विसरला तर चोराचं काय करायचं? भाचीनं आत्ताच उत्तर दिलं आहे: सोडून द्यायचं. मला अजून तसं म्हणवत नाही.