भिंतीपासून चार बोटं

योगासनांची पुस्तकं मी कित्येक वर्षं आडवा पडून वाचत आलो. त्यांतल्या छायाचित्रातला गृहस्थ पाय मानेमागे टाकून बसलेला असतो आणि चेहरा मात्र असा, की गच्चीवर संध्याकाळचा वारा खात बसलाय. पाय तिथवर जातो, हे एक वेळ मी मान्य करीन. माझा आक्षेप त्या चेहऱ्याला होता.

मग निवृत्त झालो आणि सौभाग्यवतींनी मला योगवर्गात घातलं. 'घातलं' हेच क्रियापद बरोबर आहे. मुलांना शाळेत घालतात, तसं. पुण्यात राहून योगासनं करायची नाहीत, हे तिच्या मते नाशकात राहून गोदावरी न पाहण्यासारखं होतं. तिचंही खरंच आहे म्हणा. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय असं सगळं भोगून उठलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, ते २०१४ मध्ये जाईपर्यंत इथलेच होऊन राहिले. त्यांच्या १९६६ सालच्या इंग्रजी पुस्तकात प्रत्येक आसनाला काठिण्याचा आकडा दिलाय. आकडे १ पासून ६० पर्यंत जातात. वृक्षासनाला आकडा आहे १.

ह्या एक नंबरनं माझे सहा महिने खाल्ले.

वृक्षासन म्हणजे एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला आतून टेकवायचा आणि हात जोडून वर न्यायचे. बगळ्याला हे उपजत येतं आणि शिवाय तो मासेही पकडतो. पहिल्या दिवशी मी अडीच सेकंद वृक्ष होतो. नंतर ओंडका. वर्गातल्या बाई म्हणाल्या, "काका, पडा, पण घाईनं पडू नका." तेव्हा मला ते नुसतं पुणेरी वाटलं.

आता, धीर धरा हा उपदेश आपल्याकडे बहुधा खुर्चीत बसलेला माणूस उभ्या असलेल्याला करतो. रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर आपण धीर धरतो म्हणजे काय करतो? अंग जागच्या जागी असतं आणि मन केव्हाच आत जाऊन कारकुनाची मानगूट धरून आलेलं असतं. ह्याला संयम म्हणायची पद्धत आहे. एका पायावर ते चालत नाही. मन जरा बाहेर गेलं, की घोटा लगेच हजेरी घेतो. आणि तिथे रागवायला कुणी नसतं हो! रांगेत आपणच आणि खिडकीमागेही आपणच.

पतंजलींची सूत्रं जवळजवळ दोनशे; त्यांतली आसनावर जेमतेम तीन. एकाही आसनाचं नाव नाही. बसणं स्थिर हवं, सुखाचं हवं आणि प्रयत्न सैल पडला की ते साधतं, अशा अर्थाचं सांगून ते पुढे जातात. प्रयत्न सैल! मी हुरळलो. माझा तर जन्मापासून सैलच आहे. पण बाईंचं म्हणणं, सैल सोडायला आधी काहीतरी धरलेलं असावं लागतं.

चौथ्या महिन्यात त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. टेकायचं नाही, पाठ आणि भिंत ह्यांत चार बोटं अंतर ठेवायचं. आणि काय सांगू, मी उभा राहिलो! मोजून वीस श्वास. भिंतीला न शिवता. दोन पावलं पुढे येऊन तेच करायला गेलो, की ओंडका. घोटा तोच, स्नायू तेच. फरक फक्त न वापरलेल्या भिंतीचा. ह्याला आत्मविश्वास म्हणायचं, की भिंतविश्वास? वर्गात एक निवृत्त हिशेबतपासनीस आहेत. ते म्हणाले, "भिंत खर्ची पडली नाही हे खरं, पण ताळेबंदात दाखवावी लागेल." मला त्यांचं पटलं. 'मी स्वतःच्या बळावर वर आलो' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याही मागे चार बोटांवर कुणीतरी असतंच. टेकायची वेळ आली नाही, म्हणून दिसलं नाही, एवढंच.

हा प्रश्न मी असा गमतीत घोळवत होतो, तोवर आई न्हाणीघरात पडली. वय ८४. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि इस्पितळात त्यांनी तिला वॉकर धरून उभंही केलं. घरी आल्यावर मात्र ती पलंगावरून उठेना. दुखतं म्हणून नव्हे. "पाय आहे रे, पण त्याचा भरवसा नाही," म्हणाली. मी धरायला गेलो तर चिडली.

"धरू नकोस. धरलंस की तुझा हात तेवढा कळतो, माझा पाय कळत नाही. नुसता मागे उभा राहा."

"किती मागे?"

तिनं हातानंच अंतर दाखवलं. मी बोटं मोजली नाहीत.

पलंगापासून दारापर्यंत सात पावलं आहेत. तिला पंधरा मिनिटं लागतात. मी मागे. ती जरा डगमगली, की माझे हात आपोआप पुढे जातात आणि ते पुन्हा मागे घ्यावे लागतात. ह्या आसनाला कुठल्या पुस्तकात आकडा नाही. असता तर साठाच्या खाली खात्रीनं नसता. मधूनच ती थांबते. मला वाटतं, झालं, आता बसणार. ती श्वास घेते आणि वॉकर इंचभर पुढे सरकवते. वर्गात मी आता मधोमध उभा राहतो, हे तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं. पण तिकडे पडलास तर उचलायला दहाजण आहेत."

परवा दाराशी पोचली. कडीला हात लावून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या गॅलरी. तुळशीला तुम्ही लोक पाणी घालता, की नुसतं दाखवता, ते बघायचंय मला."