शरणसतीचा पुरुषार्थ



आद्य वचनकारांत ज्यांची गणना होते ते जेडर दासिमय्या विणकर होते. उभा धागा आणि आडवा धागा एकत्र आणणे हेच त्यांचे कायक. या शरणाने एका वचनात स्त्री-पुरुष भेदाचा धागाच उसवून दाखविला आहे. देहावरच्या खुणा पाहून आपण एकाला स्त्री म्हणतो, दुसऱ्याला पुरुष म्हणतो. पण त्या दोन्ही देहांत वावरणाऱ्या चैतन्याला काय म्हणावे, असा त्या वचनाचा आशय आहे. आपण तो ऐकून माना डोलावतो. परंतु आजवर आपण हे वचन बहुधा स्त्रीला धीर देण्यासाठीच वापरले. 'तू कमी नाहीस' असे तिला सांगितले. पुरुषाला काहीच सांगितले नाही. ज्या खुणांवर त्याचा अहंकार उभा आहे त्या जर वरवरच्या असतील, तर त्याच्या मर्दपणाचे उरते काय?

हा प्रश्न किती जड आहे हे ग्वाल्हेरच्या मुलखात दिसते. ग्वाल्हेर आपल्याला परके नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी तेथे पडली, तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले आणि मराठी घरे तेथे पिढ्यान्पिढ्या नांदली. तेथेच फुलबागेजवळ झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये लढता लढता त्या ग्वाल्हेरला पडल्या. माहेरच्या त्या तांबे. लोक त्यांना कौतुकाने 'मर्दानी' म्हणतात आणि तेच लोक भित्र्या पुरुषाला 'हातात बांगड्या भर' म्हणून हिणवतात. म्हणजे बाई शूर निघाली तर तिचे शौर्य पुरुषाच्या खात्यावर जमा, आणि पुरुष भ्याला तर त्याचे भय बाईच्या नावावर खर्च! बिज्जळाचे भांडार सांभाळणाऱ्या बसवण्णांनी असला जमाखर्च एक दिवसही चालू दिला नसता.

राणीच्या समाधीभोवतीच्या या पट्ट्यात, ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या जिल्ह्यांत, बंदुकीला मोठा मान आहे. खांद्यावर बंदूक आणि मिशीला पीळ ही घराण्याची शोभा. वरातीत आनंदाने गोळ्या झाडतात आणि त्या आनंदाने माणसे मेलेली आहेत. याच तीन जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या.

ग्वाल्हेरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर शिवपुरी आहे, शिंद्यांची उन्हाळ्यातली राजधानी. २००८ साली तेथील जिल्हा प्रशासनाने एक योजना काढली. जो पुरुष नसबंदी करून घेईल, त्याचा बंदुकीच्या परवान्याचा अर्ज लवकर निकालात काढायचा. नसबंदीने मर्दानगी जाते अशी पुरुषांची समजूत. तेव्हा गेलेल्या मर्दानगीच्या बदल्यात दुसरी, लोखंडाची, हाती द्यावी असा विचार. आणि पुरुष आले! योजना काढणाऱ्यांचा हेतू बरा असेल. पण त्यांनी पुरुषाची भीती दूर केली नाही, तिला बंदूक देऊन गप्प केले.

मुळात भीती कसली? ही शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची. तेवढाच भाग बधिर करतात. नव्या पद्धतीत टाकाही घालावा लागत नाही. बीज वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बंद होतात, एवढेच. अंगातले बळ, दाढीमिशा, संसारसुख, कशातही उणे येत नाही. स्त्रीची शस्त्रक्रिया पोटातून करावी लागते आणि तिची जोखीम जास्त. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय आढळले? विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली. पतीने करून घेतली अशी जोडपी हजारात तीन. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांवर अशा शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्यानंतर तेथे दहाहून अधिक लेकुरवाळ्या स्त्रिया दगावल्या.

आणीबाणीची आठवण येथे कोणी काढील, आणि ती काढलीच पाहिजे. १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली आणि त्यांतल्या कित्येकांवर बळजोरी झाली. ती जखम खरी आहे. परंतु बापाच्या पिढीवरील त्या जुलमाचा दंड आज सुनेने का भरावा?

आपल्या परंपरेत शरणसती-लिंगपती असा एक भाव सांगितला आहे. लिंग हाच एक पती. शरण, मग तो दरबारचा मंत्री असो की रणातला योद्धा, तो सती. उरिलिंगदेवांसारख्या पुरुष वचनकारांनी हा भाव उघडपणे अंगीकारला. मिशा असलेल्या माणसाने स्वतःला वधू म्हणवून घेण्यात त्यांना उणेपणा वाटला नाही, कारण गमावण्यासारखे मर्दपण त्यांनी देहावर टांगून ठेवलेले नव्हते. मोळिगे मारय्या तर परंपरेनुसार काश्मीरचे राजे. तलवार ठेवून कल्याणला आले, लाकडे तोडून मोळ्या विकू लागले. त्यांचे राजेपण कमी झाले असे कोणा शरणाला वाटले नाही. चंबळच्या खोऱ्यानेही असे दृश्य पाहिले आहे. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत नामांकित बागींनी महात्मा गांधींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. त्या क्षणी ते अधिक भित्रे होते की अधिक धीट?

आजचा तरुण बदलतो आहे, हे आनंदाने नमूद करावेसे वाटते. तो मुलाला कडेवर घेऊन बाजारात जातो, कणीक मळतो. त्याच्या वडिलांना हे चारचौघांत लाजेचे वाटले असते. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला बाळंतपणाच्या वेळी पंधरा दिवसांची रजा मिळते. मात्र कडेवरच्या मुलाचे लोक कौतुक करतात, म्हणून ते सोपे आहे. जेथे कौतुक नाही, उलट मित्र पाठीमागे हसतील, तेथे तो काय करतो? दोन मुले झाल्यावर दवाखान्याच्या कागदावर नाव कोणाचे लिहायचे, हे ठरविण्याची वेळ येते तेव्हा घरात जी शांतता पसरते, ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. बहुधा सासूच बोलते, 'त्याला कष्टाची कामे असतात.' जणू सुनेला नसतातच!

आयदक्की मारय्यांची कथा आपण ऐकली आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे त्यांचे कायक. एके दिवशी ते रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ घेऊन घरी आले. पत्नी लक्कम्मांनी विचारले, हा लोभ कोठून शिरला? आपल्या गरजेपुरते ठेवून बाकीचे परत टाकून या. मारय्यांनी 'मी घरचा धनी' असे म्हटले नाही, मिशीला हात लावला नाही. तांदूळ उचलले आणि आल्या वाटेने परत गेले.

लक्कम्मांच्या वचनांचा सविस्तर विचार पुढील अंकी करू.