पट्टी, मस्टर आणि मोबाइल

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा तालुक्यांच्या अंगणवाड्यांत जी साधने वापरली जातात, त्यांत सर्वांत विचारपूर्वक घडवलेले साधन म्हणजे दंडघेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी, असे माझे मत आहे. तिला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, इंग्रजी लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळायची, टोक खाचेतून ओढून घ्यायचे आणि खिडकीत कोणता रंग आला ते पाहायचे. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 11.5 ते 12.5 पिवळा, त्यापुढे हिरवा. आकडा वाचता आला तर उत्तम, नाही आला तरी धोक्यातले मूल नजरेतून सुटत नाही. शिवाय तो रंग सेविकेइतकाच मुलाच्या आईलाही दिसतो. हे सारे आपोआप घडलेले नाही. डेव्हिड मॉर्ली या ब्रिटिश डॉक्टरने नायजेरियातल्या खेड्यांत काम करताना बाळाच्या वाढीचा तक्ता दवाखान्याच्या कपाटातून काढून आईच्या हाती दिला होता. पुढे 1970 च्या दशकात त्याने आणि बगदादचे बालरोगतज्ज्ञ अदनान शाकिर यांनी दंडघेराच्या मापाला रंगांची जोड दिली. हे माप कोण घेणार, कुठे उभे राहून घेणार आणि त्या क्षणी तिच्या हाताशी काय असणार, हे प्रश्न इथे सेंटिमीटर ठरण्याआधी विचारले गेले होते. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून या भागात योजना अनेक आल्या. पण वापरणाऱ्या बाईचा इतका नेमका विचार केलेली वस्तू त्यांत क्वचितच सापडते.

वापरणाऱ्यापासून सुरुवात करायची, या विचाराला आज यूएक्स म्हणतात आणि तो संगणकाबरोबर आला असा समज आहे. त्याचे मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत आहे. बी-17 जातीची अमेरिकी बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर उतरल्यानंतर अचानक पोटावर बसत. वैमानिकाने पंखांच्या झडपांऐवजी चाके उचलली, म्हणजे चूक वैमानिकाची, असा निष्कर्ष निघे. अल्फॉन्स चॅपनीस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकाची बुद्धी तपासण्याऐवजी कळा तपासल्या. दोन्ही कळा शेजारी-शेजारी होत्या आणि दिसायला सारख्या. एकीला चाकाचा आकार दिला, दुसरीला झडपेचा, आणि ‘वैमानिकाची चूक’ नाहीशी झाली. डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हाच धागा दारे, नळ आणि शेगड्यांपर्यंत आणला: माणसे एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकत असतील तर दोष त्या जागेत शोधा. त्याआधी 1985 मध्ये गूल्ड आणि लुईस या आयबीएमच्या संशोधकांनी पद्धत सांगून ठेवली होती. वापरणाऱ्याला सुरुवातीलाच भेटा, त्याच्या हाती देऊन मोजमाप घ्या, सुधारा आणि पुन्हा हाती द्या. या शास्त्राचा बाकीचा पसारा मोठा असला, तरी गाभा एवढाच आहे.

आपल्याकडे हा गाभा पुस्तकांच्या आधी निवडणूक आयोगाला उमगला होता. 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक घेताना मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे बहुसंख्य निरक्षर मतदार होते. आधी साक्षर व्हा, मग मतदान करा, असे त्यांना कुणी सांगितले नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली, पेटीवर चिन्ह लावले आणि मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायला सांगितले. संस्थान विलीन होऊन जेमतेम तीन-चार वर्षे झालेल्या जव्हारच्या मतदारालाही याच रीतीने मत देता आले. या रीतीत खर्च होता, गोंधळही होता, म्हणून पुढे एकाच मतपत्रिकेवर चिन्हे छापून शिक्का मारायची पद्धत आली. पण चिन्ह गेले नाही, ते यंत्रापर्यंत टिकले, आणि यंत्रावर अंध मतदारासाठी ब्रेल आकडेही आले. व्यवस्थेने माणसाच्या उंचीवर उतरायचे, हे प्रजासत्ताकाने आपल्या पहिल्याच मोठ्या परीक्षेत मान्य केले होते.

सुगम्यतेचा विचार या धाग्याला शेजारून येऊन मिळाला. रोनाल्ड मेस हे अमेरिकी वास्तुरचनाकार स्वतः चाकाची खुर्ची वापरत. इमारत आधी बांधायची आणि अपंगांसाठी मागून उतार जोडायचा, ही रीत त्यांनी नाकारली आणि मुळातच सर्वांना वापरता येईल अशी रचना करा, असा आग्रह धरला. 1999 मध्ये वेबसाठी सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष आले. 2008 च्या आवृत्तीत ते चार अपेक्षांवर उभे राहिले: मजकूर डोळ्यांनी वा कानांनी कळावा, हाताळता यावा, समजावा, आणि कोणत्याही साधनावर टिकावा. भारत सरकारने 2009 मध्ये आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यामागे कायद्याचे बळ उभे केले. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. ई-केवायसीसाठी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीसाठी, डोळ्यांची उघडझाप मागणाऱ्या यंत्रणेमुळे ॲसिडहल्ल्यातील पीडित आणि अंध व्यक्ती बँकेच्या दाराबाहेर राहत होत्या. त्यांच्या याचिकांवर निकाल देताना न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या 21व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला, आणि त्यात ग्रामीण व वंचित समाजाचाही उल्लेख केला. म्हणजे अक्षमता शरीरात किती आणि व्यवस्थेत किती, हा प्रश्न आता अभ्यासकांपुरता उरलेला नाही.

या पार्श्वभूमीवर जव्हार-मोखाड्यातल्या आजच्या पडद्याकडे पाहावे. अंगणवाडीच्या नोंदींसाठीचे पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप 2021 मध्ये आले. 2025 च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा अ‍ॅपमध्ये जुळवणे सक्तीचे झाले. त्याआधी आधारची ई-केवायसी, आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. कागदावर ही साखळी सरळ दिसते. आता ती पाड्यावर नेऊन पाहू. घरात फोन एकच. दिवाळीनंतर नवरा वसई-भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेला की फोन त्याच्याबरोबर जातो. किंवा आधारला जोडलेले सिम रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेले असते. नंबर लागलाच, तर भट्टीवरच्या माणसाने चिखलाचे हात धुवायचे, संदेश उघडायचा, सहा आकडे ओळखायचे आणि मुदत संपण्याआधी फोनवर सांगायचे. इकडे सेविका फोन उंच धरून रेंज शोधत असते. घरात वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या बाईला पडद्यावर उमटलेली सूचना समजण्याचा प्रश्नच येत नाही, ती सेविकेचा चेहरा वाचते. आणि या बाईला दिसत नसेल, तर पुढचे विचारायलाच नको. फोन मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते. पण अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलेले नसेल तर फोन फक्त ‘बटण’ एवढेच म्हणतो, आणि ते बटण कशाचे हे कळायला मार्ग उरत नाही.

रोजगार हमी योजनेचे (रोहयो) असेच आहे. 1 जानेवारी 2023 पासून सार्वजनिक कामांवरील मजुरांची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर घेणे बंधनकारक झाले. त्यासाठी दिवसातून दोन छायाचित्रे, वेळ आणि ठिकाण यांच्या शिक्क्यासह. आता महाराष्ट्रातली रोहयो 1972 च्या दुष्काळापासून चालत आलेली, 1977 मध्ये कायदा झालेली, आणि तिथे मजुरी बहुधा केलेल्या कामाच्या मापावर ठरते. उन्हाळ्यात माणसे उजाडताच खणायला लागतात, ऊन चढायच्या आत आपला चौक पुरा करतात आणि घरी जातात. काम झाले, माप घेता येते, तरी दुपारच्या फोटोसाठी थांबायचे किंवा पुन्हा यायचे. हा नियम ज्याने घडवला त्याच्या डोळ्यापुढे कारखान्याची पाळी होती, रोहयोचा बांध नव्हता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदारही आहे. कागदी मस्टर काही पवित्र नव्हते. त्यावर खोटी नावे चढत, मेलेली माणसे कामाला येत, आहाराची पोती कागदावर वाटली जात. ते खरेच आहे, आणि त्या लुटीचा फटकाही याच तालुक्यांतल्या लोकांना बसला. पण फोटोने ती लूट थांबली का? केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै 2025 मध्ये राज्यांना पत्र लिहून सांगितले की अ‍ॅपवर कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, थेट छायाचित्राऐवजी फोटोचा फोटो काढला जातो. ज्याला फसवायचे आहे त्याला वाट सापडली. अडकला तो खरा मजूर, कारण त्याला फोटोचा फोटो काढण्याची युक्ती नको असते, नुसती मजुरी हवी असते.

दुसरा आक्षेप असा की लोक शिकतील. पाड्यावरची मुले रील बनवतात, मग अ‍ॅप का जमू नये? या प्रश्नात मला सगळ्या विषयाची किल्ली दिसते. रील बनवताना दहादा चुकले तरी काही बिघडत नाही, कुणाचा आहार अडत नाही. आणि मुख्य म्हणजे करमणुकीचे अ‍ॅप स्वस्तातल्या फोनवर, अडखळत्या नेटवर चालावे म्हणून त्या कंपन्या अपार खर्च करतात, कारण जमले नाही तर माणूस ते काढून टाकतो. वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवण्याचे सारे शास्त्र याच न बोललेल्या गृहीतावर उभे आहे: वापरणारा निघून जाऊ शकतो. गिऱ्हाईक गेले की बनवणाऱ्याला आपली चूक कळते. पैशाच्या व्यवहारात हेच झाले. साध्या फोनवाल्यावर सक्ती करता येत नव्हती, म्हणून रिझर्व्ह बँकेला मार्च 2022 मध्ये इंटरनेटशिवाय चालणारी यूपीआयची वेगळी वाट काढावी लागली. सरकारी अ‍ॅपच्या बाबतीत बाई कुठे जाणार? आहार हवा तर चेहरा द्यावाच लागतो. मग वापराचे आकडे वाढतच जातात, आणि सक्तीने वाढलेला वापर डॅशबोर्डवर यश म्हणून दिसतो. त्या डॅशबोर्डसमोर बसलेला अधिकारी हाच या अ‍ॅपचा खरा वापरकर्ता झाला आहे, त्याच्यासाठी ते सोपे, नीटस आणि रंगीतही आहे. सेविका आणि आई त्याला माहिती पुरवतात.

निघून जाण्याची संधी इथल्या वापरणाऱ्यांनी एकदाच घेतली. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता कमी, अ‍ॅप जड, ते मराठीत नाही, फोन बिघडला तर दुरुस्तीचा भार त्यांच्यावर. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या आंदोलनाकडे कामचुकारपणा म्हणून पाहणारे तेव्हाही होते. माझ्या मते तो गूल्ड आणि लुईस यांनी सांगितलेला मोजमापाचा टप्पाच होता, फक्त जो अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आखायचा, तो सेविकांना रस्त्यावर येऊन पार पाडावा लागला.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि एकसारखेपणाचा. देशाला एक अ‍ॅप हवे, दोन तालुक्यांसाठी वेगळे कसे करणार? वेगळे करू नयेच. आडरानात चालेल असे बनवले तर ते पालघरच्या जिल्हा परिषदेतही चालते, उलटे होत नाही. 2016-17 च्या आर्थिक पाहणीत आधार-पडताळणी फसण्याच्या प्रमाणाचे अंदाज उद्धृत आहेत: गुजरातेत 6 टक्के, राजस्थानात 37, झारखंडात 49. एकच तंत्र, एकच देश, आणि एवढी तफावत. झिजलेली बोटे, कमजोर नेट आणि सदोष नोंदी यांचा हिशेब सरासरीत मांडला की झारखंड गुजरातच्या आड लपते. तशीच मोखाड्याची अडचण वसई-विरारच्या आड लपू शकते, जिल्हा तर एकच आहे.

तेव्हा ज्या अ‍ॅपवर कुणाचे धान्य, मजुरी किंवा औषध अवलंबून आहे, ते सक्तीचे करण्याआधी जव्हार-मोखाड्यात जुलैच्या पावसात एकदा आणि दिवाळीनंतरच्या स्थलांतरात एकदा चालवून पाहावे. नोंद फोनमध्ये साठून रेंज आल्यावर वर जावी. सूचना आवाजात याव्यात, बटणांना नावे असावीत. आणि पडताळणी जमली नाही तर त्याच दिवशी, त्याच जागी वहीतल्या नोंदीवर आहार द्यावा. वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहणारी सवलत इथे उपयोगाची नाही. सर्व्हरपर्यंत पोचून फसलेल्या पडताळणीची नोंद तरी राहते, ती तालुकावार जाहीर करता येईल. पण रेंजच नव्हती म्हणून जे प्रयत्न सर्व्हरपर्यंत गेलेच नाहीत, ते आज सेविकेखेरीज कुणालाच माहीत नाहीत. निदान त्यांच्यासाठी तिच्या वहीत एक रकाना द्यावा, आणि महिन्याच्या आढावा बैठकीत सर्वांत आधी तो वाचावा.